जिस्टचा फॉलोअप: सांगलीत की मुंबईत?

ऑपरेशन झालंय, बायोप्सीत जिस्ट (पोट-आतड्यांत होणारा एक दुर्मिळ गाठीचा कॅन्सर) निघालंय, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी सुरू झालीय, आणि घरात वाद एकच: पुढचं सगळं गावातच करायचं की मुंबई गाठायची? आमच्याकडे हा वाद चार महिने चालला. शेवटी दोन्ही करून बघितलं.

गोळी दोन्हीकडे तीच. ४०० मिलिग्रॅम, भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं, त्यामुळे जेनेरिक आपल्या आवाक्यात राहिली. सांगलीत दुकानदाराला सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी येते. गोळीसाठी मुंबईला जायचं कारण नाही.

सांगलीतले डॉक्टर मला नावानं ओळखतात. डोळे सुजलेले दिसले की (गोळीनं सुजतात, सकाळी जास्त) मी काही बोलायच्या आत विचारतात. पोटऱ्यांत गोळे आले तर फोन उचलतात. रक्त सकाळी दिलं की रिपोर्ट संध्याकाळी. आणि रात्री आपलं अंथरूण. मळमळ दाबत मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर रात्र काढली की या अंथरुणाची किंमत कळते.

गावात त्रास माणसांचा. "पोटाचा कॅन्सर, आणि केमो नाही? केस तर सगळे आहेत!" नेहमीची केमो जिस्टला फारशी लागूच पडत नाही, हे सांगून सांगून मी थकलो. आता "चाललंय" म्हणतो. मुंबईत असं कुणी विचारत नाही, तिथं कुणाला वेळच नसतो. रांग मोठी, दर खेपेला समोर नवा तरुण डॉक्टर, फाइल पहिल्या पानापासून. राहण्याची सोय आपली आपण बघायची.

एवढ्यावर मी गावाच्याच बाजूनं होतो. पारडं फिरलं ते एका सीटी स्कॅनवरून.

माझ्या यकृतावर दोन डाग होते. गोळी सुरू होऊन तीन महिने झाल्यावर गावाकडे स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलं होतं: मोठा डाग ३.१ सेंटिमीटरवरून ३.८, आजार वाढल्याची शक्यता. त्या 'शक्यता'वर आम्ही अकरा रात्री काढल्या. बायकोनं रिपोर्ट आईच्या नजरेला पडू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागं ठेवला होता. डोस ८०० करायची भाषा सुरू झाली.

मग दोन्ही स्कॅनच्या सीडी घेऊन मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावला. डाग मोठा होता खरा, पण आतून काळा, जवळजवळ पाण्यासारखा. जिस्टमध्ये गोळी लागू पडली की गाठ कधी कधी आधी आतून मरते, वरून फुगलेलीही दिसते. नुसती लांबी-रुंदी मोजली तर फसायला होतं, घनता बघावी लागते. म्हणजे औषध काम करत होतं. डोस होता तोच राहिला.

गावच्या रेडिओलॉजिस्टला मी दोष देत नाही. जगभरचे आकडे धरले तर हा आजार दहा लाखांत वर्षाला दहा-पंधरा जणांना होतो. त्यांच्या टेबलावर असे स्कॅन येणार तरी किती? पण त्या अकरा रात्री पुन्हा नकोत.

म्हणून माझा कल मुंबईकडे, निदान स्कॅनपुरता. रक्त, गोळी, सर्दी-पडसं सगळं सांगलीत. सोबतीला कुणी नसेल, वय झालं असेल, तर गावात स्कॅन करून सीडी तेवढी जिस्ट बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवली तरी बहुधा भागेल. माझ्या बाबतीत तरी भागलं असतं.

एक काम मात्र कुठंही असलात तरी करून घ्या: गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची तपासणी. बदल किट नावाच्या जनुकाच्या एक्झॉन ९ या भागात निघाला तर अनेकदा डोस जास्त लागतो, आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातल्या एका प्रकारच्या बदलावर ही गोळी चालतच नाही. माझं एक्झॉन ११ निघालं, म्हणजे नेहमीच्या डोसचंच. हे मला पहिल्याच महिन्यात माहीत असतं तर त्या ८००च्या बोलण्याला मी इतका घाबरलो नसतो.

पुढचा स्कॅन नोव्हेंबरात. जुन्या सगळ्या सीडी एका कापडी पिशवीत आहेत. पिशवीवर बायकोनं मार्करनं लिहिलंय, 'तिकिटाआधी ही'.