कापशीसाठी घेतलेलं नेब्युलायझर मशीन: सशाच्या नाकाला किती उपयोगी?

मेडिकलमध्ये हे मशीन लहान मुलांच्या कफासाठी म्हणून विकतात. आम्ही ते सशासाठी घेतलं आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून वापरतोय. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण आवाजासाठी कापला, त्याबद्दल पुढे सांगते.

मशीन कॉम्प्रेसरवालं आहे. चौकोनी डबा, त्यातून निघणारी हवेची नळी आणि नळीच्या टोकाला औषधाचा छोटा कप. हवा जोरात कपात शिरते आणि आतल्या पाण्याचं बारीक धुकं होतं. अशी मशीन बऱ्याच कंपन्या बनवतात आणि चालतात सगळी सारखीच, म्हणून मी नावापेक्षा प्रकाराबद्दल लिहिते. कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरमधल्या मेडिकलमध्ये दोन हजारांच्या आत मिळालं. सोबत मोठा मास्क, छोटा मास्क आणि जादा फिल्टर होते. सशाला दोन्ही मास्क निरुपयोगी.

कापशी पाचेक वर्षांची आहे, पांढरी, आणि नाकाची कायमची रुग्ण. एखाद-दुसरी शिंक सगळेच ससे देतात, गवताची धूळ गेली की. हिला शिंकांची माळ लागते, नाकातून पांढरं घट्ट येतं आणि पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक होतात. ससा नाक पंजांनी पुसतो, त्यामुळे नाक स्वच्छ दिसलं तरी पंजे उलटे करून बघावेत. औषधाचा कोर्स झाला की सगळं थांबायचं, आणि हवा बदलली की पुन्हा सुरू. जूनमध्ये ओल आली की, नाहीतर थंडीत सकाळी एमआयडीसीकडून धुरकट हवा उतरली की.

मशीन घ्यायच्या आधी डॉक्टर गाठा, आणि तेही ससे बघणारे. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सशाचे शोधावे लागतात. आमच्या डॉक्टर मॅडम ठाण्याला असतात. दुपारी ठाणे-वाशी लाइनला गर्दी नसते तेव्हा मी कापशीला कॅरियरवर ओढणी टाकून घेऊन जाते. मॅडमनी औषध बदलण्याआधी गुंगी देऊन नाकात खोलवरचा स्वॅब घेतला, कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध त्यांना लागू पडेल ते तपासायला पाठवला, आणि डोक्याचा एक्स-रे काढला. एक्स-रे कशाला, असं मला वाटलं होतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि वरच्या दातांची मुळं वाढली तर अश्रूंच्या नळीवर आणि नाकाच्या पोकळीवर दाब येतो. मग कितीही अँटिबायोटिक दिलं तरी डोळा आणि नाक वाहतच राहतं. कापशीचे दात ठीक निघाले. स्वॅबमध्ये पाश्चुरेला आला, सशांच्या नाकात अगदी नेहमी सापडणारा जंतू. मॅडम म्हणाल्या, "हा पूर्ण जाईलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो दबून राहील, एवढं मात्र आपल्याला करता येईल." मला हे स्पष्ट बोलणं आवडलं.

सशाचा पू दह्याच्या घट्ट कवडीसारखा असतो, आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. नाकातल्या नागमोडी हाडांमध्ये तो अडकून बसतो आणि पोटातून दिलेलं औषध तिथे नीट पोचत नाही. शिवाय ससा श्वास नाकानेच घेतो. नाक बंद झालं की वास येत नाही, वास आला नाही की तो खात नाही, आणि खाणं थांबलं की त्याचं आतडं थांबतं. नाकाचा आजार असा पोटावर येऊन जिवावर बेततो. मशीनचं धुकं तो घट्ट माल ओला करून सैल करतं. बरं करत नाही. सैल करतं, आणि आमच्या घरी तेवढ्याने खूप फरक पडला.

आता वापरायची पद्धत. प्लास्टिकच्या दुकानातून झाकणाचा पारदर्शक डबा आणला, ससा आत वळू शकेल एवढा. फार मोठा घेतला तर धुकं विरळ होतं. बाजूला एक भोक नळीच्या कपासाठी आणि वर हवेसाठी बरीच भोकं पाडली. झाकण कधीच घट्ट लावत नाही. खाली जुना टॉवेल, वर थोडी कोथिंबीर. कपात मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्यांचं सलाइन, छोट्या एकेरी अँप्युलमधलं. एकदा फोडलेलं सलाइन उद्यासाठी ठेवायचं नाही, त्यात जंतू वाढतात. नाकात टाकायच्या काही सलाइन थेंबांमध्ये टिकण्यासाठी रसायन घातलेलं असतं, ते यात नको. दहा-पंधरा मिनिटं चालवते. डबा काचेसारखा धूसर होतो आणि कापशी कान मागे टाकून बसते. बाहेर काढलं की चार-सहा शिंका, नाक पुसून घ्यायचं आणि लगेच गवत पुढे करायचं. त्यानंतरचा अर्धा तास ती सगळ्यात चांगलं खाते, म्हणून मी वेळ जेवणाच्या आधीची ठेवली आहे.

आवाज मात्र मोठा आहे. ससा भित्रा, त्याचे कान केवढे! सुरुवातीला मशीन नुसतंच खोलीबाहेर चालू करायचे, ती आत खात असताना. मग हळूहळू जवळ. अजूनही मशीन दाराबाहेर जाड चटईवर ठेवते आणि नळी आत घेते, त्याने घरघर बरीच कमी होते. शेजारच्या वहिनींकडे जाळीवालं, सेलवर चालणारं छोटं मशीन आहे. ते जवळजवळ मुकं आहे आणि लाइट गेली तरी चालतं. पण ते महाग पडतं, आणि औषध जरा दाट असलं की जाळी तुंबते. नुसत्या सलाइनसाठी हवं असेल आणि ससा फारच घाबरत असेल तर ते घ्या. औषध घालायचं असेल तर कॉम्प्रेसरवालंच बरं.

औषधाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे. ज्यांच्या घरी मुलांसाठी हे मशीन आधीच आहे, त्यांच्या कपाटात बुडेसोनाइडच्या कुप्याही असतात. ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने सशाची प्रतिकारशक्ती फार लवकर पडते आणि दबलेला जंतू उसळतो. ते मनाने घालू नका. तसंच अमॉक्सिसिलिन. मुलांच्या सर्दी-तापात घरोघरी असतं, आणि एका मेडिकलवाल्या दादांनी मला "थोडं द्या, लहान जीव आहे, चालेल" असं सांगितलंही होतं. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं, वाईट वाढतात आणि ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिनचंही तेच. सशाला सहसा सोसणारी औषधं वेगळी आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा अशी, आणि त्यातलं कोणतं व किती हे डॉक्टरच वजन करून ठरवतात. आमच्याकडे त्रास वाढतो तेव्हा मॅडम मशीनमधून द्यायलाही औषध लिहून देतात. एरवी फक्त सलाइन.

मशीनला एकट्याला श्रेय देणार नाही, घरातही बदल केले. मी ब्लाउज शिवते. कापडाचे तंतू हवेत उडतात, म्हणून शिलाई मशीन आतल्या खोलीत हलवलं. शूच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा बंद करून कागदाच्या गोळ्या आणल्या आणि ट्रे रोज धुते, कारण शूचा अमोनिया नाकाचं अस्तर जाळतो. गवत गॅलरीत झटकून मगच आत येतं, आणि पावसाळ्यात थोडं थोडंच आणतो, बुरशी धरू नये म्हणून. मच्छर कॉइल बंद, जाळी लावली. सासूबाईंची उदबत्ती देवघराचं दार लावून. त्या आधी म्हणायच्या, "एवढुशा जिवाला मशीन कशाला?" आता मिरचीची फोडणी घालताना स्वतःच ओरडतात, "कापशीचं दार लावा गं!" उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर गेला की कूलर नको, ओल वाढते. पंखा आणि गार फरशी ठेवतो.

मशीन साफ ठेवायला कंटाळा करून चालत नाही. प्रत्येक वेळी कप उघडून धुवायचा आणि स्वच्छ फडक्यावर सुकवायचा. नळीत पाण्याचे थेंब राहतात, म्हणून कप काढून नुसती हवा थोडा वेळ सोडायची. पावसाळ्यात हे केलं नाही तर नळी आतून काळी पडते, आणि तीच घाण सशाच्या छातीत जाईल. कप उकळता येतो का ते पुस्तिकेत बघा, सगळे उकळता येत नाहीत. माझं मशीन सलग फार वेळ चालवायचं नाही असंही त्यात लिहिलं आहे.

काही वेळा मशीन लावत बसू नये. ससा तोंड उघडून, मान ताणून श्वास घेत असेल, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर तडक डॉक्टर. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तरीही. मान एका बाजूला कलली तर संसर्ग कानात उतरला असण्याची शक्यता असते. निवांत झोपलेल्या सशाची कूस बघून श्वास मोजायची सवय ठेवा, मिनिटाला ३० ते ६० हे ठीक. मी कापशीचे आकडे आणि वजन मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. मॅडमना त्याचा खरंच उपयोग होतो.

कापशीच्या शिंका पूर्ण गेलेल्या नाहीत. पण या पावसाळ्यात तिचं खाणं थांबलं नाही, आणि पोटातून द्यायच्या अँटिबायोटिकचे कोर्स कमी लागले. माझ्यासाठी मशीनची किंमत वसूल झाली.

कप आणि नळीचा सुटा संच मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतो, वर्षातून एकदा तरी बदला. घेताना नळीचं टोक आपल्या मशीनला बसतं का ते तिथेच लावून बघा, मापात थोडा फरक असतो.