पेंटॅक्स के१०००, जुना डिजिटल आणि रिवाइंड नॉब: आठ महिन्यांनंतर

पेंटॅक्स के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर काढलेला आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अख्खा रोल कोरा निघाला. निरांजनांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता, तो क्षण आता कुठेच नाही. लॅबवाल्याशी मी काउंटरवरच भांडलो. त्याने निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि कडेचे आकडे दाखवले. हे आकडे कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात, रोल धुतल्यावर दिसतात. ते स्पष्ट आले होते, म्हणजे केमिकल ठीक होतं. फिल्मवर उजेडच पडला नव्हता. फिल्मचं टोक ती गुंडाळणाऱ्या स्पूलमध्ये नीट अडकलं नव्हतं. मी फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढत होतो, फोटो मोजणारा आकडा पुढे जात होता, फिल्म मात्र जागची हलली नव्हती. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागितली.

म्हणून सगळ्यात आधी हे: लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंड नॉब (रोल संपल्यावर फिल्म परत गुंडाळायचा) फिरतो का ते बघा. रोल भरल्यावर नॉब बाणाच्या दिशेने अलगद फिरवून ढील काढून घ्या, म्हणजे तो पहिल्या फ्रेमपासून फिरताना दिसेल. दिसला नाही तर तिथेच थांबा. मी आता रोलमधल्या छत्तीसही फोटोंना बघतो.

बाकी कॅमेरा शिकायला उत्तम. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं तो उगाच बनत राहिला नाही. ऑटो काहीच नाही. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईला. मीटरला वेगळा स्विच नाही, त्यामुळे बॅटरी उतरू नये म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावायचं.

खर्चाचं बोलायलाच हवं. मला रंगीत रोल हजाराला पडतो, धुणं आणि स्कॅन साडेपाचशे. एका फोटोला ४३ रुपये! आणि चूक कळते पंधरा दिवसांनी, तोवर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) काय ठेवलं होतं ते आठवत नाही. वही ठेवली तरच उपयोग.

पहिल्या महिन्यात मी चार जणांना ‘फिल्मवरच शिका’ असं सांगितलं होतं. ते मागे घेतो. घरातला जुना डिजिटल, निकॉन डी३१००, आणि ३५ एमएम लेन्स घेऊन मी मॅन्युअल मोडवर (सगळं हाताने ठरवून) दोन आठवडे रोज फोटो काढले, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघितला. एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा, ते मला तिथे समजलं, सात रोलांत नाही.

पण एक गोष्ट फिल्मनेच शिकवली. २०० एएसएचा (एएसए म्हणजे उजेड टिपायची क्षमता, डिजिटलवर तेच आयएसओ) रोल भरला की तो संपेपर्यंत २००च. उन्हात एफ १६ला (लहान छिद्र) १/२५० सेकंद आणि घरात ट्यूबलाइटखाली एफ २ला (मोठं छिद्र) १/१५ सेकंद, म्हणजे हात हलणारच. मग माणसाला खिडकीपाशी न्यावं लागतं. डिजिटलवर ऑटो आयएसओ हे सगळं परस्पर निस्तरतो, आणि आपण उजेड शोधायला शिकतच नाही. शिकणाऱ्याने तो आधी बंद करावा, आयएसओ २००वर ठेवावा आणि नवा कॅमेरा न घेता घरातलाच वापरावा.

परवा आजी पुन्हा तीच पैठणी नेसून खिडकीत बसली. आधी डिजिटलवर उजेड तपासला, मग के१०००वर एफ २.८, १/६०. नॉब फिरत होता. रोलमध्ये अजून अकरा फोटो शिल्लक आहेत.