न वापरलेल्या विमान तिकिटांचा परतावा : पार्ल्यातील एका एजंटाच्या सेवेचा अनुभव

गेल्या डिसेंबरात पहाटे पावणेचारला, टॅक्सी खाली येऊन उभी असताना, सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि जयपूरच्या विमानाऐवजी आम्ही तिघे रुग्णालयात पोहोचलो. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. त्या धावपळीत तिकिटे रद्द करण्याचे कोणाला सुचलेही नाही. आठवड्याने यजमानांनी बुकिंगच्या संकेतस्थळावर पाहिले, तेव्हा जाण्याच्या तिकिटांसमोर ‘परतावा शून्य’ असे लिहिलेले होते, आणि परतीची तिकिटे त्याच पीएनआरवर असल्यामुळे तीही आपोआप रद्द झालेली होती. सगळे मिळून ३१,४०० रुपये होते. संकेतस्थळाला फोन केला की ते विमान कंपनीकडे बोट दाखवत आणि कंपनीला विचारले की ‘जिथून तिकीट घेतले तिथे विचारा’ असे उत्तर मिळे.

शेवटी पार्ले पूर्वेला स्टेशनजवळ तिकिटांचे काम करणाऱ्या एका जुन्या एजंटांकडे मी गेले. ओळखीच्या माणसांपलीकडे काम वाढवायचे नाही, असे त्यांनीच सांगितल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. परंतु अशा कामात चांगली सेवा कशी असते, हे त्यांच्याकडे पाहायला मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्यांनी प्रथम तिकिटाची छापील प्रत मागितली, पट्टी ठेवून भाड्याच्या तपशिलावर लाल पेनाने एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, “वहिनी, रेघेच्या वरचे मूळ भाडे आणि इंधन अधिभार गेला असे समजा. त्याची आशा मी तुम्हाला लावणार नाही. रेघेखालचे मात्र कंपनीचे नाहीच.” रेघेखाली विमान सुरक्षा शुल्काचे २३६ रुपये होते, विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क होते आणि इतर काही रकमा होत्या. विमानतळाचे आणि सुरक्षेचे शुल्क प्रत्यक्ष विमानात बसणाऱ्या प्रवाशासाठी घेतले जाते. प्रवासी बसलाच नाही, तर कंपनीने ते पैसे स्वतःकडे ठेवण्याचे कारणच उरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परताव्याविषयीच्या नियमांत हे स्पष्ट नमूद आहे, आणि २०१६ पासून सवलतीच्या, ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून विकलेल्या तिकिटांनाही ते लागू आहे. प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही, तरीही. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनाही ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण जो मागत नाही, त्याला ही रक्कम क्वचितच आपणहून मिळते.

मी तिथे बसलेली असतानाच एक गृहस्थ आले. भावाला रजा मिळत नव्हती, तर त्याच्या तिकिटावर पुतण्याला पाठवता येईल का, असे ते विचारत होते. एजंटांनी त्यांना खाली बसवून समजावले, की तिकीट नावावर असते, विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा जवान ओळखपत्र आणि तिकीट ताडून पाहतो, आणि नावातील स्पेलिंगची चूक दुरुस्त होते, माणूस बदलत नाही. ‘नाव बदलून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, असे सांगून त्यांनी उड्डाणाला दोन दिवस असल्याने ते तिकीट आत्ताच रद्द करायला लावले. उड्डाणापूर्वी रद्द केले, तर कंपनीला मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक रद्द-शुल्क आकारता येत नाही. त्या गृहस्थांकडून त्यांनी काहीही घेतले नाही.

आमच्या कामाला पुढे सात आठवडे लागले. एजंटांनी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, पीएनआर, तिन्ही तिकीट क्रमांक आणि रुग्णालयाचे कागद जोडून पत्र पाठवले. त्यावर कंपनीने आम्हाला न विचारता रेघेखालच्या रकमेचे क्रेडिट शेल काढून दिले, म्हणजे ज्याच्या नावाचे तिकीट त्याच्याच नावे, ठरावीक मुदतीत वापरायची जमा. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि तेव्हा वॉकर धरून खोलीतून ओटीपर्यंत येत होत्या. “मला आता विमान नको, आधी जिना उतरू दे,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या नावे असलेली ती जमा आमच्या काय कामाची? पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचे असते, कंपनीने नव्हे, हा नियम एजंटांनी दुसऱ्या पत्रात शब्दशः उतरवला आणि तक्रार सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावरही नोंदवली. तिकीट एजंटाकडून किंवा संकेतस्थळावरून घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, हेही त्यात लिहिले होते. त्यानंतर बाराव्या दिवशी ४,३७० रुपये यजमानांच्या कार्डावर जमा झाले.

तिघांच्या जाण्या-येण्याच्या सहा प्रवासांचे, प्रत्येकी दीडशे रुपयांप्रमाणे, नऊशे रुपये एजंटांनी घेतले आणि तेही पैसे जमा झाल्याचा संदेश पाहिल्यावर. पावती न मागता मिळाली. एकतीस हजारांपुढे, त्यांचे पैसे वजा जाता हाती उरलेली जेमतेम साडेतीन हजार ही रक्कम लहान वाटेल, पण त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर मांडलेला परताव्याचा आकडाही ४,२०० एवढाच होता. मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणारे अनेक जण फोनवर भेटतात. त्यातल्या एकाने, ज्याचा नंबर आम्ही इंटरनेटवर शोधून कंपनीचा समजलो होतो, यजमानांना त्यांच्या मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दाखवणारे ॲप उतरवायला सांगितले होते. सुदैवाने मुलाने फोन हिसकावून घेतला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवले.

उणिवा सांगायच्या, तर हे गृहस्थ ईमेलला उत्तर फार उशिरा देतात, दुकान दुपारी एक ते साडेचार बंद असते, आणि काम कुठवर आले हे विचारायला मला चार वेळा अंधेरीहून जावे लागले. नोकरी करणाऱ्याला हे जड जाईल. ज्यांना स्वतः लिहिण्याची सवय आहे, त्यांनी हेच पत्र घरबसल्या लिहावे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

परदेशी विमान कंपनीला मात्र परताव्याच्या बाबतीत तिच्या देशाचे नियम लागू होतात, आणि तिथे त्यांचा अनुभव कमी आहे, हे त्यांनीच मला सांगितले. नणंदेचे असेच एक तिकीट मी त्यांच्याकडे दिले आहे. पहिले पत्र गेल्या सोमवारी गेले.