इंदूरला एकच रात्र आहे: सराफा की छप्पन?

पुण्या-मुंबईहून कुणी नातेवाईक इंदूरला यायचे ठरले की गाडीची वेळ कळवून झाल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो: "सराफ्यात जायचं की छप्पनला?" दोन्ही इंदूरच्या खाण्याच्या प्रसिद्ध जागा. दोन दिवस हातात असतील तर प्रश्नच नाही, दोन्हीकडे जा. पण लग्नाला आलात, दुसऱ्या दिवशी उज्जैन किंवा ओंकारेश्वरला निघायचंय आणि मध्ये एकच संध्याकाळ मिळतेय, तर निवड करावीच लागते. माझं मत आधीच सांगते. पाय साथ देत असतील आणि रात्री दहानंतर खायची तयारी असेल, तर सराफा. एरवी छप्पन.

सराफा म्हणजे राजवाड्याच्या मागची गल्ली, दिवसा नावाप्रमाणे सोन्याचांदीची असते. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्या बंद होऊ लागतात आणि त्यांच्याच ओट्यांवर, त्यांच्याच दारांसमोर कढया चढतात. जुनी माणसं सांगतात की सराफांनाही हे हवंच होतं. गल्ली रात्रभर जागी राहिली की दुकानांची राखण आपोआप होते. नऊ वाजता गेलात तर मांडामांड चाललेली दिसेल. खरी गर्दी साडेदहानंतर उसळते आणि मध्यरात्र उलटली तरी हलत नाही. आजोबांचं बोट धरून आलेली पोरं त्या वेळी टक्क जागी असतात. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि अजूनही मला ते फार आवडतं.

मराठी माणसाला इथे ओळखीच्या पदार्थांची अनोळखी रूपं भेटतात. साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी कढईत परतलेली नसते. ती पाण्याच्या वाफेवर गरम ठेवलेली असते, आणि तुम्ही मागितल्यावर तिच्यात मसाला, लिंबू, फराळी चिवडा घालून समोर कालवतात. दाणेदार, मोकळी. पहिल्या घासाला आपली खिचडी आठवते, तिसऱ्या घासाला तुलना थांबते. भुट्ट्याचा कीस म्हणजे कोवळ्या मक्याचा कीस तुपात परतून, दुधात शिजवून, वर खोबरं-कोथिंबीर. शिकंजी मागवलीत तर लिंबाचं सरबत येणार नाही. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुकामेवा घातलेली असते. ती शेवटी प्या, कारण नंतर काही जात नाही. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा आणि एकाच चिमटीतून चार मसाले वेगवेगळे सोडणारा हातही इथलाच. वेळ असेल तर दोन मिनिटं नुसतं बघत उभे राहा.

पण बसायला जवळपास काही नाही. गल्ली अरुंद आहे, हातात द्रोण घेऊन खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. मागच्या हिवाळ्यात ठाण्याच्या मावशीला हौसेने नेलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिनेही झाले नव्हते तिचे. अर्ध्या तासात ती एका बंद पेढीच्या पायरीवर टेकली आणि उरलेलं सगळं आम्ही तिला तिथे नेऊन दिलं. तिने आनंदाने खाल्लं, पण मला चुटपुट लागून राहिली. तिला छप्पनलाच न्यायला हवं होतं.

छप्पन दुकान नव्या पलासियात, राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटरवर. एका रांगेत छप्पन दुकानं, म्हणून हे नाव. 2020 मध्ये त्याचं नूतनीकरण झालं, तेही छप्पन दिवसांत. आता समोरचा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, बसायला बाकं आहेत, उजेड भरपूर आहे. बाबागाडी असो, काठी असो, दोन्ही सहज फिरतात. खोपरा पॅटिस इथेही उत्तम मिळतं: बाहेर बटाटा, आत ओल्या नारळाचं सारण. आणि एका बाबतीत छप्पन पुढे आहे. सराफा शाकाहारी आहे, इथे मात्र अंड्याचा बेंजो, म्हणजे पावात घातलेलं ऑम्लेट, आणि मटणाचा हॉटडॉगही मिळतो. पाव तव्यावर तुपात भाजलेला. सोबत कॉलेजातली भाचरं असतील तर त्यांचं मन इथेच रमेल. गाडी लावायलाही सराफ्याच्या मानाने सोपं. सराफ्याला जाताना गाडी लांब लावून रिक्षा करा, उगीच गल्लीबोळांत अडकू नका.

स्वच्छतेची काळजी करत असाल तर त्यावरून निवड करू नका. मध्यरात्रीही सराफ्यात कचऱ्याचे डबे जागोजागी असतात आणि लोक ते वापरतात. त्याचा आम्हा इंदूरकरांना मनापासून अभिमान आहे.

छप्पनला एक गोष्ट मात्र नाही, आजूबाजूचा बाजार. सराफ्याला जायचं ठरलं तर सातलाच राजवाड्यापाशी उतरा. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, असा होळकरांचा हा सात मजली वाडा दिवे लागल्यावर बघण्यासारखा असतो. मग बर्तन बाजारातून, शीतलामाता बाजारातल्या साड्यांच्या दुकानांवरून चालत मारोठिया बाजारात या. तिथे जीरावन घ्या. पोह्यांवर भुरभुरायचा हा मसाला घरी नेण्याजोगी सगळ्यात चांगली खूण आहे. तोवर पोटात भूक आणि सराफ्यात कढया, दोन्ही तयार असतात.

आणि मुक्काम सकाळपर्यंत असेल तर छप्पन सकाळसाठी राखून ठेवा. वाफेवरचे पोहे, वर शेव, जीरावन, कच्चा कांदा, सोबत गरम जिलेबी. आपल्या फोडणीच्या पोह्यांहून वेगळे, पण नातं लगेच ओळखू येतं.

थंडीत येणार असाल तर मात्र कुठल्याही सबबीवर सराफा चुकवू नका. गराडू तेव्हाच मिळतो. कोनफळाच्या जातीतला हा पांढरा कंद, खरपूस तळून वर मसाला आणि लिंबू. कागदावर येतो तेव्हा बोटं भाजतात, तरी कुणी थांबत नाही.