जिन्यातली रंगीत काच जागेवरच दुरुस्त करून घेतली: पैसे वसूल, पण दोन तक्रारी आहेत

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. काम चांगलं झालं, वेळेत झालं नाही, आणि लाल रंग पूर्ण जुळला नाही. तरीही याच माणसाला पुन्हा बोलावणार आहोत.

आमची इमारत मुंबईत गावदेवीतली, तीसच्या दशकातली. जिन्याच्या उत्तरेच्या भिंतीला सागवानी चौकटीत एकावर एक तीन पॅनल आहेत. शिडाचं जहाज, हिरव्या-निळ्या लाटा आणि मागे उगवता सूर्य. काचेचा प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला. राजाबाई टॉवरच्या रंगीत काचांच्या दुरुस्तीचं काम 2015 साली पूर्ण झालं, तेव्हापासून आमच्या दर वार्षिक सभेत कोणीतरी म्हणतंच, ‘आपणही तसं करून घेऊ.’ पैशाचं नाव निघालं की विषय पुढच्या सभेवर. मी खजिनदार, त्यामुळे हे दोन्ही संवाद मला पाठ आहेत.

मागच्या पावसात खालच्या दोन पॅनलमधले तुकडे पडायला लागले, तेव्हा मात्र हालचाल झाली. एका मोठ्या इंटिरियरवाल्याने सगळं उतरवून कारखान्यात नेण्याचा खर्च सांगितला. तो ऐकून अध्यक्षांनी पाणी मागितलं. मग चर्चच्या खिडक्यांचं काम करणारे वसईचे एक काका सापडले. नंबर विचारू नका. सत्तरीला आलेत, आणि नवीन लोकांचे फोन नकोत असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

पहिल्या दिवशी त्यांनी हातात हत्यारच घेतलं नाही. बोटाच्या पेराने एकेक काच हलकेच वाजवत वरून खाली आले. घट्ट बसलेल्या काचेचा आवाज बद्द येतो, सैल झालेली खुळखुळते. मग मला म्हणाले, “ताई, खालची दोन इथेच होतील. वरच्याला मी हात लावणार नाही.” वरच्या पॅनलमध्ये सांध्यांच्या शेजारी शिशालाच भेगा पडल्या होत्या. तिथे डाख (सोल्डर) कितीही लावा, चीर बाजूला सरकते. असं पॅनल उतरवून, टेबलावर आडवं ठेवून, शिसंच नवीन घालावं लागतं. दुसरा कोणी असता तर तिन्हींचे पैसे घेऊन मोकळा झाला असता. यांनी वरच्याला आधार म्हणून पितळेची एक आडवी सळी बांधली आणि तिचे फक्त सामानाचे पैसे लावले.

सगळ्यात मोठी डोकेदुखी निघाली ती जुन्या रंगाऱ्याने गळती थांबवायला फासलेलं सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तेच. त्यातून सुटणारं ॲसिड शिसं खातं. पट्ट्यांवर पांढरी भुकटी चढली होती ती त्यामुळेच. ते सगळं खरवडण्यात काकांचा इतका वेळ गेला की मूळ दुरुस्ती त्यापुढे थोडकी वाटावी. तुमच्याकडे अशी खिडकी असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातली ती ट्यूब तिच्या आसपासही येऊ देऊ नका.

जागेवर दुरुस्ती म्हणजे काय ते मी पायरीवर खुर्ची टाकून पाहिलं. बाहेर परांचीवर त्यांचा भाचा, हातात प्लायवूडची फळी, ती काचेला टेकवून धरलेली. आत काका. फुटलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यांवरचा डाख कापायचा, शिशाच्या पट्टीचा आतला काठ बोथट सुरीने हळूहळू उभा करायचा, म्हणजे जुने तुकडे निघतात. रिकाम्या जागेवर कागद धरून मेणाच्या खडूने घासलं की नेमका आकार उमटतो, त्यावरून नवीन काच कापायची. ती किंचित लहानच ठेवतात. घट्ट बसवली तर उन्हात तडकते. मग काठ पुन्हा दाबून बसवायचा आणि कोपऱ्याला डाख.

हा डाख देणंच खरं अवघड. टेबलावर वितळलेला डाख आपोआप बटणासारखा बसतो, उभ्या भिंतीवर तो ओघळतो. शिवाय शिसं 327 अंशांना वितळतं आणि डाख 190 च्या आसपास, म्हणजे सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकलं तर डाखाबरोबर पट्टीही गेली. काका आधी सांधा चाकूने खरवडून चकचकीत करायचे, कारण काळ्या पडलेल्या शिशाला डाख धरत नाही. मग टेकव की उचल. एवढ्या कामात त्यांनी एकही पट्टी जाळली नाही.

शेवटी लांबी, म्हणजे फटी भरायची पुट्टी. खडूची पूड, बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), थोडं टर्पेंटाइन आणि काजळी असं काळं मिश्रण ब्रशने पट्टीच्या काठाखाली घुसवायचं. पाणी अडतं ते यानेच, आणि खुळखुळही यानेच थांबते. हे वाळायला काही आठवडे लागतात, म्हणून काम थंडीतच काढा. वास मात्र दिवाळीच्या रंगकामासारखा सगळ्या मजल्यांवर पसरतो.

मधलं पॅनल पोटात जरा फुगलंय. मी म्हटलं, दाबून सरळ करा ना. ते हसले. जागेवर दाबलं तर शिसं वाकायच्या आधी काच जाईल. चौकटीतल्या आडव्या लोखंडी सळीला पॅनल तांब्याच्या तारांनी बांधलेलं असतं. त्या तारा तुटल्यामुळेच ते फुगलं होतं. नवीन तारा डाखून सळीला बांधल्या, सळीचा गंज काढून रंग दिला. फुगवटा आहे तेवढाच राहील, वाढणार नाही.

आता तक्रारी. सूर्याच्या दोन किरणांची लाल काच बदलली, ती शेजारच्या जुन्या लालपेक्षा गडद दिसते. जुन्या तुकड्याची कड त्यांनी मला दाखवली: काच बिनरंगाची आणि वर लालचा पातळ थर. नवीन मिळाली ती आरपार लाल. कारण पटलं, पण डोळ्याला खटकतं ते खटकतंच. हिरव्या-निळ्या लाटा मात्र ओळखू येत नाहीत.

दुसरं, कागदपत्रं. लेखी अंदाजपत्रक नाही, जीएसटीचं बिल नाही. शेवटी कामाची यादी मीच लिहून त्यांची सही घेतली, आणि ऑडिटरसमोर मीच बसले. खालच्या दोन पॅनलचे 46,000 रुपये झाले. परांचीवाल्याने त्याच्या निम्म्याहून जास्त वेगळे घेतले, ते हिशेबात धरून चला.

स्वच्छतेला पैकीच्या पैकी. शिशाची धूळ विषारी, म्हणून खाली प्लास्टिक, झाडू बंद, सगळं ओल्या फडक्याने पुसून घेणं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नातवंडांना जिन्यात मज्जाव. भाचा मात्र तशाच हाताने वडापाव खायला निघाला होता, त्याला मीच साबणाकडे पिटाळलं. मोझेकच्या एका पायरीवर लांबीचा काळा डाग राहिलाय. टर्पेंटाइनने फिका झाला, गेला नाही.

जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात रोज जाऊन हात लावून पाहिलं. काचेतून थेंब नाही. चौकट आणि भिंतीच्या फटीतून थोडं पाणी येतं, पण ते गवंड्याचं काम. वरचं पॅनल दिवाळीनंतर उतरवायचा ठराव मी मांडलाय. तिसऱ्या मजल्याचा विरोध आहे, कारण तेवढे दिवस त्यांच्या दारासमोर प्लायवूड दिसेल.