पहिला हॅमॉक घेताना: आधी लांबी, मग पट्टे

कॅम्पिंगसाठी पहिलाच हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, घेणाऱ्याने दुकानात रंग आणि वजन यांच्या आधी लांबी विचारावी, हे मला दुसरा हॅमॉक घ्यावा लागला तेव्हा कळले. पहिला नाशिकमधल्याच एका दुकानातून घेतला होता. ‘दोन माणसे आरामात झोपतात’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते आणि रुंदीला तो खरोखरच ऐसपैस होता. लांबीला मात्र जेमतेम अडीच मीटर. त्यात रात्रभर धनुष्यासारखे वाकून पडावे लागे आणि तासाभरातच गुडघ्यांमागे रग लागे. सध्याचा, ज्याविषयी हे लिहितो आहे तो, सव्वातीन मीटर लांबीचा, पॅराशूट नायलॉनचा आणि मच्छरदाणी शिवलेला आहे.

लांबीचे महत्त्व झोपण्याच्या पद्धतीत आहे. हॅमॉकमध्ये मधोमध सरळ न झोपता डोके एका काठाकडे आणि पाय दुसऱ्या काठाकडे, असे तिरपे झोपले की कापड अंगाखाली पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. आखूड कापडात हे साधत नाही. आमच्याकडे तान्ह्या बाळाला लुगड्याच्या झोळीत घालतात, तेव्हा त्याचे अंग अर्धगोल होते आणि त्याला ते मानवतेही. चाळिशीतल्या कमरेला मानवत नाही.

हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्यांचे प्रकरण मला अधिक महाग पडले. पहिल्या हॅमॉकसोबत बोटापेक्षा बारीक दोरी आली होती. नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या आमराईत ती बांधून झोपलो आणि सकाळी सोडली, तर आंब्याच्या सालीवर दोन बोटे लांबीचा ओला वळ उमटलेला होता व त्यातून चीक पाझरत होता. त्या शेतकऱ्याच्या आईने वळावरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हटले, ‘‘दादा, पुढच्या वेळी गोणपाट तरी घाला मधे.’’ इंचभर किंवा त्याहून रुंद पट्टा असला की भार सालीवर पसरतो आणि अशी इजा टळते. पट्टा पॉलिएस्टरचा असावा, कारण नायलॉनचा पट्टा वजनाखाली ताणत जातो आणि मध्यरात्रीनंतर पाठ जमिनीला टेकते. नव्या हॅमॉकचे पट्टे पॉलिएस्टरचेच असून त्यांवर जागोजागी फासे शिवलेले आहेत, त्यामुळे अंधारात गाठी माराव्या लागत नाहीत.

नवख्या माणसाला हॅमॉक ताणून, ताठ बांधावासा वाटतो. पट्टा आडव्या रेषेशी सुमारे 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर साधारण आपल्या वजनाइतका ताण येतो. ताठ बांधल्याने कोन 15 अंशांवर आला की हा ताण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून झोळ राहू द्यावा आणि बसल्यावर कापड जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास राहील इतकेच उंच बांधावे. झाडे चार-पाच मीटर अंतरावर, जिवंत आणि भक्कम बुंध्याची हवीत. उघड्या कातळमाथ्यावर मुक्काम असेल, तर हॅमॉक घरीच ठेवून तंबू न्यावा. द्राक्षबागेच्या मांडवाचे खांब मोहात पाडतात, पण त्यांना हात लावू नये. आधीच द्राक्षांचे आणि तारांचे ओझे त्यांच्यावर असते.

थंडीविषयी दुकानात कोणीही बोलत नाही. जानेवारीत गंगापूर धरणाच्या परिसरात मी चांगली जाड स्लीपिंग बॅग घेऊन झोपलो, तरी पहाटे तीनला पाठ गारठून उठलो. बॅगेतला अंगाखालचा भरणा वजनाने दाबला जातो, त्यात हवा उरत नाही आणि खालून वारा वाहत असतो. त्यामुळे वरून कितीही पांघरले तरी उपयोग नसतो. आता खाली फोमची चटई टाकतो. ती सरकते, हा तिचा दोष आहे, पण पाठ गरम राहते.

शिलाई वर्षभरात कुठे उसवलेली नाही. पावसासाठी वरची ताडपत्री वेगळी घ्यावी लागली, आणि मच्छरदाणीची चेन पायाकडच्या वळणावर अडकते. तिथे मेणबत्ती घासली की दोन-तीन मुक्काम सुरळीत जातात.