बोलेरो, वह्या आणि पाटे: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

बोलेरोचे आकडे बहुतेकांना पाठ असतील. 1.5 लिटर डिझेल, 75 हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. ते पुन्हा सांगत बसत नाही. माझा वापर सांगतो. चिपळुणात आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. रोज घर, दुकान, शाळा, बाजार. आणि मधूनमधून कोल्हापूरहून दुकानासाठी कागद आणि वह्या.

कागद दिसायला थोडा आणि भरायला जड. 75 जीएसएमचं (एका चौरस मीटरला 75 ग्रॅम) ए-4 रिम, म्हणजे पाचशे कागदांचा गठ्ठा, साधारण 2.3 किलो भरतं, म्हणजे दहा रिमांचा बॉक्स तेवीस-साडेतेवीस किलो. असे सोळा बॉक्स मागे टाकले तर अर्धी जागा रिकामीच दिसते, पण वजन झालेलं असतं पावणेचारशे किलो. त्यामुळे डिकी किती लिटरची, हा शोरूममधला लाडका प्रश्न माझ्या कामाचा नाही. मला एवढंच बघायचं होतं, की सात माणसं घेऊन जाणारी गाडी तेवढंच वजन कागदाच्या रूपात घेऊन कुंभार्ली घाट कशी उतरते.

मग पिकअप का नाही? कारण शाळा उघडतात जूनच्या मध्यावर आणि आमच्याकडे पाऊसही तेव्हाच मुक्कामाला येतो. ताडपत्री कितीही बांधा, कागदाने नुसती दमट हवा धरली तरी मशीनमध्ये जॅम होतो, आणि गिऱ्हाईक बोलतं ते मला. शिवाय पिकअपमधून आईला डॉक्टरकडे कोण नेणार?

अर्टिगा सीएनजी पाहिली. गाडी उत्तम, पण सिलिंडर डिकीत, आणि ड्राइव्ह पुढच्या चाकांना. मागे वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर ओढायचं त्याच चाकांनी. ईकोला ड्राइव्ह मागच्या चाकांना, सरकतं दार, माल भरायला तिच्यासारखी सोपी गाडी नाही. फक्त घाटात भरलेल्या गाडीला मला डिझेलचा खालच्या आरपीएमचा, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाचा, जोर हवा होता. बोलेरोचा 210 एनएम टॉर्क, म्हणजे हाच ओढायचा जोर, 1600 आरपीएमपासून मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरवर आवाज न चढवता वर येते.

आता पाट्यांबद्दल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

सुरुवातीचे महिने मी वैतागलो होतो. रिकामी गाडी, मी एकटा, आणि चिपळुणातले रस्ते. मागचं टोक प्रत्येक खड्ड्यावर उडी मारायचं. आई दोनदा मागे बसली आणि मग "मी रिक्षाने येते" म्हणाली. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर कुणी गाडी घेतली नसती. पहिल्यांदा पूर्ण भरून कोल्हापूरहून निघालो आणि मत फिरलं. तीच गाडी, तेच खड्डे, पण मागचं टोक शांत. पाटे बसवलेत भरलेल्या गाडीच्या हिशेबाने. एकट्या ड्रायव्हरच्या वजनाने ते वाकतच नाहीत. रिकामी असताना आपण जी शिक्षा भोगतो, ती खरं तर मालासाठी भरलेला आगाऊ हप्ता आहे.

माल भरायची पद्धतही हळूहळू बसली. बॉक्स मागच्या दाराला टेकवून रचायचे नाहीत, मधल्या सीटच्या पाठीला लावून रचायचे. वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं. सीटची पाठ उभीच ठेवायची, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर रिमं मानगुटीवर. वरून पट्टा. टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीसाठी दिलेली असते तेवढी. आणि हेडलाइट खाली करायची सोय असेल तर ती वापरा. वजनाने मागून खाली बसलेल्या गाडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तो बिचारा घाटभर डिपर मारत राहतो.

मागचं दार बाजूला उघडतं, वर नाही. म्हणजे पावसात माल उतरवताना डोक्यावर काहीच नाही. एक माणूस छत्री धरून उभा ठेवावा लागतो. तो आमच्या दुकानातला पोरगा, आणि छत्री तो स्वतःवरच धरतो.

या पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये ऑइल बदलायला गाडी दिली. बोलता बोलता म्हणालो, भरल्यावर मागून थोडी बसते. संध्याकाळी आणायला गेलो तर मागची बाजू दोन बोटं उंच. बिलात ऑइल, फिल्टर, आणि खाली "पाटा 1+1, लेबर", म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा. विचारलं, कुणी सांगितलं होतं? "शेठ, आता बिनधास्त आठशे किलो टाका." अहो, पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढले का? टायर, ॲक्सल, आरसीवरचं वजन, काही बदललं का? गाडी मागून बसत नाही एवढंच, त्यामुळे जास्त भरल्याचं कळणंही बंद. रिकामी तर अशी उडायला लागली की शाळेच्या वाटेवर मुलाचा डबा उघडला, भाजी दप्तरात.

काढायला गेलो तर काढायचं लेबर वेगळं मागितलं. तासभर वाद घातला. शेवटी दुसरीकडे एका कमानवाल्याने अर्ध्या पैशात काढून दिले, पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट नीट आवळले आणि आठ दिवसांनी पुन्हा आवळायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. गॅरेजवाला पाटे परत घ्यायला तयार नाही, "वापरलेला माल" म्हणतो. बिल माझ्या नावावर, म्हणजे पाटे माझे. सध्या दुकानात झेरॉक्स मशीनच्या मागे उभे आहेत. भंगारवाल्याने सांगितलेल्या भावात एक रिमसुद्धा येत नाही. कुणाला हवे असतील तर या, घासाघीस करू.